तोफगोळ्यांचा पाहुणचार

आमच्या संपादकांचं एक ठाम मत आहे. देशातलं कुठलंही गुपित काढायचं असेल, तर तिथे महिला-पानाची बातमीदार पाठवावी. पुरुष बातमीदार दिसला की साहेब लोक कागद झाकतात. बाई दिसली की चहा मागवतात आणि स्वतःबद्दल बोलायला लागतात. म्हणून चीनची लढाई होऊन वर्ष भरायच्या आत, ऐन भाद्रपदात, मला नागपूरहून भिलाईला जायचा हुकूम झाला. वरकरणी विषय होता 'पोलादनगरीतील गृहिणी'. खरा विषय होता तोफेचे गोळे.

प्रकरण असं होतं. भिलाईच्या पोलादातून तोफगोळ्यांची कवचं करता येतील की नाही, हे पाहायला सरकारने एक समिती नेमली होती. समिती 'हो' म्हणाली तर गोळे घरी होणार. 'नाही' म्हणाली तर ते एका परदेशी कंपनीकडून वर्षानुवर्षं विकत घ्यावे लागणार. कंपनीचं नाव छापायचं नाही असं वकिलांनी बजावलंय, म्हणून मी तिला 'अमुक अँड सन्स' म्हणते. या अमुक अँड सन्सचे एक हिंदुस्थानी सल्लागार आहेत. समिती जिथे जाते तिथे हे गृहस्थ आधीच हवापालटाला जाऊन बसलेले असतात, अशी कुणकुण संपादकांना लागली होती. भिलाईला हवापालटाला जाणारा माणूस एकदा पाहावाच, असं मलाही वाटलं.

परत आल्यावर मी सविस्तर बातमी लिहिली. वकिलांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग संपादक मला म्हणाले, "बाई, तुमचा सगळा पुरावा पंगतीतला आहे. कोर्टात पंगत चालत नाही. तुम्ही असं करा, प्रवासवर्णन लिहा. जेवणाखाण्याचं भरपूर येऊ द्या." तेव्हा वाचकहो, जेवणाखाण्याचं भरपूर येणार आहे.

पावर हाउस

भिलाईत माझी थोरली बहीण राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे यशवंतभाऊजी, कारखान्यात ओपन हार्थ भट्टीवर फोरमन आहेत. मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. शेती दोन भावांना पुरेना म्हणून थोरला पोलाद वितळवायला आला आणि धाकटा, दिगंबर, तोफखान्यात भरती झाला. हा दिगू महालक्ष्म्यांसाठी रजेवर आला होता, आणि पावर हाउस स्टेशनवर मला घ्यायलाही तोच आला.

स्टेशनाबाहेर पाय ठेवला आणि माझं पांढरं लुगडं पांढरं राहिलं नाही. भिलाईत लाल धूळ उडते आणि पाऊस पडला की तिचाच लाल चिखल होतो. सरकारने नागरिकांना या दोहोंत निवड करायचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. बाजारात कांद्याच्या पोत्यांशेजारी रशियन इंजिनियरांच्या बायका वांगी निवडत होत्या आणि भाजीवाली त्यांच्याशी छत्तीसगढीत भांडत होती. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, पण भाव मात्र ठरला. समित्यांनी इथे येऊन शिकावं असं बरंच काही आहे.

रिक्षावाल्याने "कहाँ जाबे, दीदी?" असं इतक्या मायेने विचारलं की मी भाड्याचं बोलायचं विसरले. सेक्टर पाच, म्हणून सांगितलं. सेक्टर पाच सापडतो. पुढची गंमत सेक्टरात आहे. क्वार्टर सगळे एका साच्यातले. तेच दार, तीच खिडकी, तीच जाळी. दिगू ट्रंक घेऊन मागे राहिला होता, मी पुढे होऊन एका दारातून आत शिरले, पाटावर बसले आणि "ताई, पाणी आण वो," म्हणून हाक मारली. एका तेलुगू बाईंनी पाणी आणून दिलं. मग चहा केला. मी खजील होऊन उठले तर त्या हसत हाताने 'बसा' म्हणाल्या; रोज कुणीतरी चुकून येतंच, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. नागपुरात चुकून कुणाच्या घरात शिरलं तर आधी गोत्र विचारतात.

ताईच्या घरी पोचले तेव्हा ती पुरणाची डाळ निवडत होती. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांचं जेवण म्हणजे घरातलं वर्षाचं सगळ्यात मोठं काम. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. या तीन दिवसांत घरातल्या बाईशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलता येत नाही.

"ताई, मी तोफगोळ्यांसाठी आली," मी म्हटलं.

"बरं केलं. आधी हे नारळ खोव," ताई म्हणाली.

भट्टी

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला कारखाना दाखवला. माझ्या अंबाड्यावर लोखंडी टोपी बसेना. शेवटी ती अंबाड्याच्या वरच टेकवून मी मान ताठ ठेवून हिंडले. एका रशियन इंजिनियराने मला लवून नमस्कार केला. त्याला मी कुठली तरी संस्थानिक वाटले असणार.

ओपन हार्थच्या भट्टीबद्दल लिहायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. निळ्या काचेतून आत पाहिलं, तर पोलाद वरणासारखं उकळत होतं. भाऊजींच्या सदऱ्याला ठिणग्यांची बारीक भोकं होती. त्यांनी ती मला अशी दाखवली, जशी लोक पदकं दाखवतात.

"धान पेरलं तं चार महिने वाट पाहा लागते," ते म्हणाले. "हे तं दिवसात निंघते. पण ध्यान तेवढंच द्या लागते. दुसऱ्या पोलादाची गोष्ट अलग. रुळात खोट राहिली तं रूळ बदलवता येते. गोळ्यात खोट राहिली, न् तो नळीतच फुटला, तं आपलाच माणूस मरते."

आपला माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. तो त्या वेळी घरी महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसत बसला होता.

मागच्या हिवाळ्यात काय झालं, ते दिगूने मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा. "तोफ ठीक होती, माणसं ठीक होती. गोळे नव्हते. मंग तोफेवर ताडपत्री टाकली न् बसलो." एवढंच. मग तो अंगणात जाऊन सायकलची चेन बसवायला लागला.

तेव्हापासून भाऊजींच्या डोक्यात या पोलादाशिवाय काही नाही, असं ताई सांगते. त्यांच्या पाळीतल्या माणसांनी पाच-सहा वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने हे पोलाद काढलं, शेवटी एक घाणा मनासारखा उतरला, आणि त्याचे चौकोनी ओंडके — त्यांना इथे बिलेट म्हणतात — यार्डात एका बाजूला वेगळे रचून ठेवले. सोमवारी समिती स्वतः येऊन त्यातले हवे ते उचलणार, कापणार, ठोकणार आणि निकाल देणार. भाऊजींनी मला ते ओंडके दाखवले आणि एकावरून हात फिरवला. त्यांना सोमवारची धास्ती नव्हती. चाचणी होईल तर पोलाद उतरेल, याची त्यांना खात्री होती. चाचणी होऊ शकणार नाही, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

गेस्ट हाउस

अमुक अँड सन्सचे सल्लागार गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांना मी बापूसाहेब म्हणते. रेशमी बंद गळ्याचा कोट, कानाला अत्तर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण फार हुशार आहोत असं वाटावं. 'भिलाईच्या गृहिणींविषयी बाहेरगावच्या पाहुण्यांचं मत' असा विषय मी पुढे केला. त्यांनी माझ्यापुढे काजूची बशी सरकवली आणि गृहिणी दोन वाक्यांत संपवल्या.

"आम्ही विक्रेते नाही, बाई," ते म्हणाले. "आम्ही सरकारला मदत करतो. सरकारला पुष्कळदा ठाऊकच नसतं, की त्याला काय हवंय."

"आणि तुम्ही सांगता?"

"छे छे! आम्ही फक्त विचार करायला मदत करतो."

ही मदत कशी होते ते त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं पुढे काय होणार, याची कंपनीला फार काळजी असते. म्हणून ती त्यांना निवृत्तीच्या आधीपासूनच धीर देते. ज्यांना युरोपातली थंडी मानवते अशा अधिकाऱ्यांना ती कारखाने दाखवायला नेते. वर्तमानपत्रांतून अधूनमधून शत्रूची आठवण करून देणारे लेख येतात, त्यांच्या लेखकांनाही कागदाचा खर्च असतोच. आणि सरकार मागणीच्या अटी लिहायला बसलं, की कच्चा मसुदा कुणाकडे तरी तयार असावा लागतो. कंपनी तो तयार ठेवते.

त्या अटी मी पाहिल्या होत्या. स्थळ पाहिजे म्हणून लोक वर्तमानपत्रात जाहिरात देतात ना : मुलगी गोरी, उंच, गाणारी, वडिलांचं शेत कालव्यालगत, मामा वकील. वाचणाऱ्याला कळतं की ठरलंय, जाहिरात नुसती रीत म्हणून आहे. तशा त्या अटी होत्या. त्यातली एक अशी, की तोफगोळ्याचं पोलाद पुरवणाऱ्याला तोफगोळ्याचं पोलाद पुरवल्याचा अनुभव हवा. आता ज्याला कधी पुरवूच दिलं नाही, त्याने अनुभव कुठून आणायचा? बापूसाहेबांना हे विचारलं तर ते म्हणाले, "खरंच, विचार करण्यासारखं आहे," आणि एक काजू खाल्ला.

तेवढ्यात समितीची मोटार आली. समितीचे अध्यक्ष एक जनरलसाहेब होते, उंच, सरळ चालीचे, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्यामागून दिल्लीचे एक मोठे मराठी अधिकारी उतरले. समितीत पोलादाचा शब्द यांचाच चालतो, असं भाऊजी सांगत होते. यांना नुसतं साहेब म्हणू. जनरलसाहेबांनी आमची विचारपूस केली, नावं विचारून घेतली आणि बापूसाहेबांची साहेबांशी ओळख करून दिली.

"आपला परिचय नव्हता," साहेब म्हणाले.

"आजच योग आला," बापूसाहेब म्हणाले. दोघांनी अगदी रीतसर हस्तांदोलन केलं. दोघे मराठी, दोघे दिल्लीत राहणारे, आणि ओळख भिलाईत होते! मी म्हटलं, दिल्ली मोठी असेल बुवा.

संध्याकाळी हे मी ताईला सांगितलं. बापूसाहेबांनी निघताना हळूच विचारलं होतं, की महालक्ष्म्यांचा प्रसाद किती वर्षांत मिळाला नाही हो, इथे कुणाकडे असतो का. ताईने हातातलं पीठ झटकलं.

"बोलवा त्याईले. देवीच्या परसादाचं नाव ज्यानं काढलं त्याले नाही म्हनता येत नाही."

"ताई, तो माणूस भाऊजींचं पोलाद बुडवायला आला आहे."

"मंग तं पोटभर जेवून जाऊ दे. रिकाम्या पोटी मानूस जास्त वंगाळ वागते." आणि भाऊजींना म्हणाली, "समितीलेही सांगा. चार पानं वाढली तं काय होते?"

भाऊजी गेले आणि साऱ्यांना आमंत्रण देऊन आले. जनरलसाहेबांना कुतूहल होतं. मराठी साहेबांना नाही म्हणवेना, कारण महालक्ष्मीच्या प्रसादाला नाही म्हणायची सवय आपल्यात कुणालाच नसते.

सेक्टर पाच

आता जेवण. पुरणाच्या पोळ्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे, अळूची पातळ भाजी, सोळा भाज्या एकत्र करून केलेली एक भाजी, पंचामृत, कोशिंबिरी दोन. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगलेला, म्हणजे दोऱ्यांना लटकवलेल्या करंज्या, पापड्या, पिठाच्या वेण्या-फण्या. जनरलसाहेबांनी तो बराच वेळ निरखला आणि गंभीरपणे विचारलं, की ही शत्रूच्या विमानांपासून देवींना लपवायची योजना आहे का. दिगू रजेवर होता तरी अटेन्शनमध्ये उभा राहून "नहीं सर," म्हणाला.

पुरुषांची पहिली पंगत बसायची होती. ताईने वरच्या अंगाचा, रांगोळीचा पाट साहेबांसाठी मांडला होता. सरकारी माणूस, शिवाय निकाल त्यांच्या हाती. भाऊजींनी हात जोडून तिथे बसा म्हटलं. साहेब बसेनात. त्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब दुसऱ्या पाटावर टेकले, मांडी नीट केली, धोतराचा सोगा सावरला. मगच साहेब खाली बसले, आणि तेही जरा अंग चोरून.

मी आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. वाढप झालं. संकल्प सुटला. सगळ्यांनी हात घातला, पण साहेबांचा घास हातातच. बापूसाहेब आंबिलीची चव पाहत होते. त्यांनी मान डोलावली तेव्हा साहेबांच्या तोंडात घास गेला. बापूसाहेबांना ठसका लागला. भारत सरकारचे एवढे मोठे अधिकारी पंगतीतून अर्धे उठले आणि तांब्या त्यांच्याजवळ सरकवून परत बसले. बापूसाहेब कढीकडे बघून म्हणाले, "जरा आंबट झालीय का?" कढी ताईची. ओशाळले साहेब.

ताईने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"सुमे, हे दोघं व्याही हायेत."

"काही तरीच काय! काल माझ्यासमोर ओळख झाली त्यांची."

"तुले काय समजते? मुलीच्या बापाले मी वळखत नाही काय? आपले बाबा माह्या सासरी असेच जेवत होते. सासऱ्यानं घास घेतल्याबिगर बाबाईनं कधी घास घेतला नाही. कढी आंबट झाली तं बाबाच माफी मांगत." तिने पदर खोचला. "या साहेबाची पोरगी त्या बापूसाहेबाच्या घरी देली हाये. लिहून घे."

मला वाटलं होतं, दिल्लीला जाऊन फायली हुडकाव्या लागतील, कारकुनांना चहा पाजावा लागेल. आणि इथे देशाचं संरक्षण-धोरण ताईच्या पाटावर मुलीकडची बाजू होऊन बसलं होतं.

माझं पुढचं काम मी मनात ठरवत होते. गुपचूप परतायचं, दिल्लीतून खातरजमा करायची. पण ताई माझ्या शेजारी नव्हती. घरात महालक्ष्म्या जेवताहेत आणि दोन व्याही जोडीने पंगतीला आले आहेत, हे एकदा कळल्यावर त्यांचा मान न करता पाठवणं तिच्याच्याने होणारच नव्हतं. आमच्याकडच्या कुठल्याच बाईच्याने झालं नसतं. सोमवारची चाचणी, समिती, अमुक अँड सन्स, सगळं त्यापुढे गौण. ती कुंकवाची ताटली, दोन टॉवेल, दोन टोप्या आणि दोन नारळ घेऊन सरळ पंगतीत गेली.

"व्याह्याईचा जोडीनं मान करा लागते," ती म्हणाली. "मुलाकडचे कोन, मुलीकडचे कोन, तेवढं सांगा जी. पयला टॉवेल मुलाकडच्याले देतो मी."

साहेब हुशार माणूस. आयसीएसच्या जमान्यातला. संसदेतल्या भल्याभल्या प्रश्नांना त्यांनी अशी उत्तरं दिली असतील की विचारणाऱ्याला प्रश्नच आठवू नये. पण ताटली पुढे आली, टॉवेल आपल्या रोखाने येतोय असं दिसलं, आणि त्यांचा हात आपोआप वर झाला.

"छे छे, मला नाही! आधी यांना, आधी यांना!"

आणि त्यांनी दोन्ही हातांनी बापूसाहेबांकडे दाखवलं.

पंगत गप्प झाली. जनरलसाहेबांना मराठी येत नव्हतं, पण युद्धभूमीवर अचानक शांतता झाली की काय समजायचं, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दिगूला विचारलं, "ये व्याही क्या होता है?"

दिगूने पुन्हा अटेन्शन घेतलं. "समधी, सर."

"समधी?" जनरलसाहेबांनी साहेबांकडे पाहिलं, मग बापूसाहेबांकडे. "कल ही तो आप लोग पहली बार मिले थे."

साहेबांचा चेहरा पुरणासारखा झाला. बापूसाहेबांनी मात्र मोठ्या शांतपणे कपाळ पुढे करून कुंकू लावून घेतलं, टोपी घातली, नारळ कपाळाला लावला आणि ताईला म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला चव आहे. दोन पोळ्या आणखी वाढा."

पाहुणे गेल्यावर आम्ही घरात काय धुमाकूळ घातला! भाऊजी, जे वर्षातून एकदा हसतात, ते पोट धरून हसले. दिगूने साहेबांच्या 'आधी यांना'ची नक्कल इतक्यांदा करून दाखवली की शेजारच्या तेलुगू बाई पाहायला आल्या. ताई सारखी म्हणत होती, "मी काय केलं? मी तं मान केला." मी बातमीचा मथळा ठरवून टाकला. मला वाटलं, लढाई आपण जिंकलो.

दुर्ग स्टेशन

जनरलसाहेब सरळ माणूस. अशा माणसांबद्दल मला आदर आहे, आणि त्यांच्यामुळे कामं कशी अडतात हे मी त्याच सोमवारी पाहिलं. सकाळी त्यांनी साहेबांना समितीतून मोकळं केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की साहेबांची सही असलेले आधीचे सगळे कागदही आता संशयित. मग त्यांनी दिल्लीला फोन केला. दुपारी भाऊजी घरी आले ते बूट न काढता पायरीवरच बसले.

"समिती बरखास्त झाली," ते म्हणाले. "नवी नेमतीन. नव्या समितीसमोरच चाचणी घ्या लागते. आज कोणीच ओंडके उचलले नाही."

"नवी समिती कवा?" ताईने विचारलं.

"समिती कोनाची नेमावी हे ठरवाले आधी एक समिती बसून राहिली म्हनतात."

"आणि तोपर्यंत?" मी विचारलं.

तोपर्यंत सीमेवरची गरज तातडीची असल्यामुळे, ज्यांना तोफगोळे पुरवण्याचा अनुभव आहे अशांकडूनच माल मागवायचा, असं वरून कळलं होतं. अनुभव कुणाला आहे, ते वाचकांना ठाऊक आहेच. भाऊजींचे ओंडके यार्डात जागा अडवतात म्हणून ते सळया करायला न्यावेत, असंही कुणीतरी म्हणालं होतं. सगळं कायद्याने, सचोटीने आणि कुणाचाही दोष नसताना झालं होतं. ताई महालक्ष्म्यांचं विसर्जन करायला उठली, पण तिच्याने मुखवटा उचलवेना. भाऊजींनी उठून तो उतरवून दिला.

संध्याकाळच्या गाडीने मला नागपूरला परतायचं होतं. दिगूची रजाही संपली होती, त्याला त्याच गाडीने पुढे जायचं होतं. भाऊजी पोचवायला आले होते. दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही तिघं उभे होतो तेव्हा बापूसाहेब समोरून आले. हातात ताईने दिलेला नारळ होता. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा. फार उपकार झाले."

"उपकार? तुमचे व्याही घरी बसले!"

"बसू द्या की. गेले वर्षभर थकले होते बिचारे." ते हसले. अगदी प्रेमळ हसले. "बाई, तुम्ही चतुर आहात, पण एक चुकलात. आम्हाला 'नाही' असा निकाल हवा होता, असं तुम्हाला वाटलं. निकाल 'नाही' लागला की लोक ओरडतात, लोकसभेत प्रश्न येतात. आम्हाला फक्त उशीर हवा होता. व्याह्यांनी फार तर महिना-दोन महिने ताणलं असतं. तुमच्या ताईंनी एक आख्खा हिवाळा दिला. आणि तोही तुमच्या नैतिक विजयासकट."

रागाने माझे कान तापले होते. मी आयुष्यात इतक्या लोकांना टोमणे मारले आहेत, त्या दिवशी एकही आठवला नाही.

ते दिगूकडे वळले. तो युनिफॉर्ममध्ये होता. ताईच्या हातचं जेवलेला माणूस म्हणून दिगूने त्यांना सॅल्यूट केला.

"तोफखाना ना? शाबास. काही काळजी करू नका, जवान. आमचा माल जानेवारीअखेर पोचतो. पहिल्या दर्जाचा."

दिगूने मनात काही हिशेब केला. तिकडे बर्फ दिवाळीच्या आधीच पडतं, असं तो आदल्या दिवशी सांगत होता.

"आनि तवरक, साहेब?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

बापूसाहेबांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. सरकारला काय हवंय, हेही त्यांना सरकारच्या आधी कळतं. पण या पोराच्या प्रश्नावर त्यांनी हमालाला हाक मारली आणि पहिल्या वर्गाच्या डब्याकडे निघून गेले.

भाऊजी सगळं ऐकत होते. त्यांनी खाली वाकून दिगूची ट्रंक उचलली आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्याकडे चालायला लागले. "दादा, मी घेतो ना," दिगू दोन-तीनदा म्हणाला, पण भाऊजींनी ती ट्रंक सोडली नाही.